तालमीची वेळ राखून ठेव

प्रिय विद्यार्थिमित्रास,
अनेक आशीर्वाद.

नाटक लिहिणे, वृत्तपत्रात काम करणे आणि महाविद्यालयात शिकवणे या तिन्ही गोष्टी एकाच आयुष्यात जमतील का, असे तू विचारले आहेस. जमतील. आपल्याच नाशिकमध्ये वसंत कानेटकर प्राध्यापकी करीत नाटके लिहीत होते, शिरवाडकरांनी उमेदीची काही वर्षे पत्रकारितेत काढली, आणि कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर तर ‘केसरी’त राजकारणावर लिहीत असतानाच नाटकेही लिहीत होते. त्यांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले, प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसू लागला आणि इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली. अग्रलेखाला जे उघड म्हणता येत नव्हते, ते महाभारतातल्या एका प्रसंगाने म्हटले.

तुझी खरी अडचण संध्याकाळची आहे. तालमी संध्याकाळी होतात, कारण हौशी नट दिवसभर सातपूर-अंबडच्या कारखान्यांत किंवा बँकेत असतात. आणि वृत्तपत्राची पाने लागतात तीही त्याच वेळी. उपसंपादकाची रात्रपाळी घेतलीस तर पगार नियमित येईल, पण स्वतःच्या नाटकाच्या तालमीला तू नसशील, आणि नटाच्या तोंडी अडखळणारे वाक्य लिहिणाऱ्याने स्वतः ऐकल्याशिवाय सुधारत नाही. म्हणून उपजीविकेसाठी अध्यापन धर आणि वृत्तपत्राशी नाते बातमीदारीने किंवा पुरवणीतल्या लेखनाने राख. प्राध्यापकपदासाठीची नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लवकर उत्तीर्ण हो. तासिका तत्त्वावरचे मानधन वेळेवर मिळेलच असे नाही, तेव्हा सुरुवातीची वर्षे ओढाताणीची जातील. ती सोसण्याजोगी आहेत, असे माझे ठाम मत आहे.

बातमीदारी मात्र सोडू नकोस. लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव चालू असताना उभा राहा. भाव पडल्यावर शेतकरी किती थोडे बोलतो आणि ते कोणाकडे पाहून बोलतो, हे टिपून ठेव. बातमीत त्या बोलण्यातला मजकूर तेवढा येतो. नाटकाला त्यातला थांबाही लागतो. वर्गात शिकवताना नाटकाचा प्रवेश समजावून सांगण्याआधी विद्यार्थ्यांकडून मोठ्याने वाचून घे, म्हणजे कोणते संवाद कागदावरच राहतात ते तुलाही कळेल. एक सवय मात्र वर्गातच ठेवून ये: पात्रांच्या तोंडून व्याख्यान देण्याची. शिकवणाऱ्या लेखकांच्या दुसऱ्या अंकात ती हमखास डोके वर काढते.

ज्या नाट्यसंस्थेसाठी तू लिहितोस, तिच्या प्रयोगाचे परीक्षण कधीही लिहू नकोस. संपादकांनी गळ घातली तरी नाही.

राज्य नाट्य स्पर्धेच्या नाशिक केंद्रासाठी लिहीत असशील तर संहिता लवकर पुरी कर. संहिता तपासून प्रयोगाला मान्यता देणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र मिळायला वेळ लागतो, आणि त्यासाठी पाठवलेली प्रत आणि प्रत्यक्ष प्रयोग यांत फरक राहता कामा नये. पाठवण्यापूर्वी एका रविवारी पहिला अंक घेऊन ये, आपण दोघे मोठ्याने वाचू.

तुझा हितचिंतक