वाचकांचे प्रश्न : साठ ताऱ्यांची दीर्घिका

प्रश्न : आमच्याकडे रानडुकरांमुळे हरभऱ्याला रात्रभर जागल करावी लागते. मचाणावर बसल्या बसल्या मला आकाश पाहण्याची सवय लागली आहे. सप्तर्षींच्या भागात आपल्या आकाशगंगेभोवती फिरणारी जेमतेम साठ ताऱ्यांची दीर्घिका सापडली असावी, असे मध्यंतरी वाचले. एवढ्याशा पुंजक्याला दीर्घिका का म्हणायचे, ती इतकी वर्षे कशी दिसली नाही आणि मला ती दिसेल काय?
— एक शेतकरी वाचक, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. ती आपल्याला दिसणार नाही, आणि ज्यांनी ती शोधली त्यांनाही ती ‘दिसली’ नव्हती; ती मोजणीतून हाती लागली. सिंह राशीतल्या ‘सेग्वे-१’ या अशाच बटुदीर्घिकेचे आकाशक्षेत्र मी संगणकावर उघडून बराच वेळ न्याहाळले आहे. तेथे इतर कोणत्याही जागेसारखे विखुरलेले तारेच दिसतात, पुंजका असा काही जाणवत नाही. या संपूर्ण दीर्घिकेचा प्रकाश सुमारे तीनशे सूर्यांइतका आहे, तर मृग नक्षत्रातला राजन्य हा एकटा तारा त्याच्या शेकडो पट प्रकाश देतो. त्यातही सेग्वे-१ सुमारे ७५ हजार प्रकाशवर्षे दूर आहे आणि तिच्या वाटेत आपल्याच आकाशगंगेचे तारे दाटीने उभे आहेत.

मग ती निवडायची कशी? एका दीर्घिकेतले तारे आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर असतात आणि बहुधा फार जुने असतात. त्यामुळे त्यांचा रंग आणि त्यांची तेजस्विता यांचा आलेख काढला, तर ते एका ठरावीक वक्ररेषेवर येतात. वाटेतले तारे मात्र निरनिराळ्या अंतरांवरचे असल्याने आलेखभर पसरतात. म्हणून संगणक एक अंतर गृहीत धरतो, त्या अंतराच्या वक्ररेषेवर बसणारे तेवढेच तारे ठेवून बाकीचे वगळतो, आकाशाच्या प्रत्येक तुकड्यात उरलेले तारे मोजतो आणि मग अंतर बदलून पुन्हा पहिल्यापासून मोजतो. एखाद्या तुकड्यात अपेक्षेपेक्षा ठळकपणे जास्त तारे भरले, तर तेथे काहीतरी असल्याचा संशय येतो. केवळ संशयच, कारण अतिदूरच्या दीर्घिकाही अंधूक छायाचित्रांत ताऱ्यांसारख्याच ठिपक्यांच्या दिसतात आणि मोजणी फसवतात.

हे काम आकाशाच्या मोठ्या भागाच्या एकसारख्या सर्वेक्षणाशिवाय होत नाही. २००४ पर्यंत आकाशगंगेच्या सर्वमान्य उपदीर्घिका, म्हणजे तिच्याभोवती फिरणाऱ्या लहान दीर्घिका, अकराच होत्या. न्यू मेक्सिकोतल्या अडीच मीटर व्यासाच्या दुर्बिणीने केलेल्या स्लोन सर्वेक्षणातून २००५ पासून त्यांची रीघ लागली, २०१५ मध्ये चिलीतल्या डार्क एनर्जी सर्वेक्षणाने दक्षिण आकाशातून आणखी भर घातली, आणि आता ही संख्या साठीच्या घरात आहे. चिलीतच उभारलेल्या व्हेरा रुबिन वेधशाळेची ८.४ मीटरची दुर्बीण दहा वर्षे तेच आकाश पुन्हा पुन्हा टिपणार असल्याने पुढच्या शोधांविषयी मला मोठी उत्सुकता आहे.

गाया या अंतराळयानाने आणखी एक खूण हाती दिली, ती ताऱ्यांच्या सरकण्याची. संध्याकाळी गावची गुरे आखरावर येतात तेव्हा धुळीत कोणती कोणाची ते कळत नाही. पण एकाच गोठ्यातली गुरे एकाच गल्लीकडे वळली, की ती आपोआप वेगळी दिसू लागतात. आकाशात मिळून एका दिशेने सरकणारे तारे असेच वेगळे काढता येतात. २०१८ मध्ये ‘अँटलिया-२’ ही विस्ताराने प्रचंड पण कमालीची अंधूक दीर्घिका याच खुणेच्या आधाराने सापडली.

आता आपला मुख्य प्रश्न. दीर्घिका कोणती हे ताऱ्यांच्या संख्येवरून ठरत नाही. सेग्वे-१ मधल्या ताऱ्यांचे वेग वर्णपटावरून मोजले, तेव्हा त्यांच्यात सेकंदाला सुमारे चार किलोमीटरचा फरक आढळला. केवळ दिसणाऱ्या ताऱ्यांचे वस्तुमान असते, तर हा फरक अर्धा किलोमीटरही भरला नसता आणि एवढ्या वेगाचे तारे केव्हाच पांगले असते. त्यांना बांधून ठेवणारे न दिसणारे वस्तुमान, म्हणजे कृष्णद्रव्य, तेथे ताऱ्यांच्या शेकडो पट आहे. ताऱ्यांच्या साध्या गुच्छात ते आढळत नाही. शिवाय गुच्छातल्या ताऱ्यांत लोहाचे प्रमाण बहुधा सारखे असते, तर दीर्घिकेत ते ताऱ्यागणिक बदलते, कारण तेथे ताऱ्यांच्या एकाहून अधिक पिढ्या घडलेल्या असतात.

आपण वाचलेली ‘सप्तर्षी-३’ २०२३ मध्ये जाहीर झाली. ती सुमारे ३० हजार प्रकाशवर्षांवर आहे. तिच्या ताऱ्यांचे वेग अगदी थोड्या ताऱ्यांवरून मोजलेले असल्याने ती दीर्घिका की गुच्छ, हा वाद अजून मिटलेला नाही. म्हणून ‘सापडली असावी’ हे आपले शब्दच योग्य आहेत.

डोळ्यांनी दिसणाऱ्या आपल्या दोन मोठ्या उपदीर्घिका, म्हणजे मॅजेलनचे मेघ, दक्षिणेकडे इतक्या खाली आहेत की यवतमाळच्या अक्षांशावरून त्या क्षितिजावर नीट येतच नाहीत. दिवाळीनंतर, चांदणे नसलेल्या रात्री, देवयानी दीर्घिका मात्र मचाणावरून नुसत्या डोळ्यांनी धुरकट डागासारखी दिसेल. गावच्या शाळेत तीन-चार इंची दुर्बीण असेल तर ती तिकडे वळवावी. तिच्या मध्याजवळ एक लहान गोलसर ठिपका दिसेल. ती एम-३२, देवयानीची उपदीर्घिका. १७४९ मध्ये ती दुर्बिणीला डोळा लावूनच शोधली गेली होती.