शांत स्वभावाच्या मुलाने मुंबईत हॉस्टेल घ्यावं की एकट्याची खोली?

तू लिहिलंयस की सांगलीहून मुंबईत इंजिनिअरिंगला येतोयस, स्वभाव शांत आहे, तर चारजणांच्या हॉस्टेलच्या खोलीत निभेल का, की लांब का होईना एकट्याची खोली बघावी. वाचून राहवलं नाही. 2011 ला मीही हाच प्रश्न घेऊन आलो होतो आणि त्यावरून आमच्या घरात अजून वाद होतो.

स्वभाव बाजूला ठेव. शांत, बडबड्या, माणूसघाणा ही नावं घरच्यांनी चिकटवलेली असतात. खोलीतली भांडणं झोपेवरून होतात. तू किती वाजता झोपतोस आणि लाइट चालू असताना तुला झोप लागते का, हे आधी बघ.

मी चिपळूणचा. घरी दहाला दिवे बंद, पहाटे पाचला उठून अभ्यास, दहावी-बारावी तशीच काढली. माटुंग्याजवळ एका ट्रस्टच्या वसतिगृहात कॉट मिळाली, खोलीत चौघं. बाकीचे तिघं चांगले होते, हे मुद्दाम सांगतो. एक आर्किटेक्चरचा, त्याच्या शीट्सची सबमिशन्स कधी संपायचीच नाहीत, त्यामुळे रात्री तीनपर्यंत ट्यूबलाइट बरोबर माझ्या डोक्यावर. दुसऱ्याचे फोन अकरानंतर सुरू व्हायचे. मी कॉटला चादर बांधून बघितली, तोंडावर टॉवेल टाकून झोपलो, आणि पाचला माझा गजर वाजला की ते तिघं वैतागायचे, त्यांचंही बरोबरच होतं, ते नुकते झोपलेले असायचे. मग मी गजर लावणं सोडलं आणि अभ्यासच बसला. बारावीला गणितात 94 होते, पहिल्याच सेमला मॅथ्समध्ये नापास, म्हणजे केटी लागली.

दादा चिपळूणहून आला, रेक्टरना भेटला. रेक्टर म्हणाले, त्याला अ‍ॅडजस्ट करायला शिकवा. परत जाताना दादर स्टेशनवर गाडीची वाट बघत दादा मला म्हणाला, "तुला माणसं सहन होत नाहीत, स्वभाव बदल तुझा." ते अजून लागतं मला. माणसांचा त्रास मला कधीच नव्हता, झोप होत नव्हती.

पण तेव्हा मीच ते खरं मानलं आणि दुसऱ्या वर्षी डोंबिवलीला चाळीत एकट्याची खोली घेतली. सकाळच्या फास्ट लोकलला लटकून दादर, तिथून स्लो पकडून एक स्टेशन मागे माटुंगा, संध्याकाळी तेच उलटं. शांतता भरपूर होती. पण शनिवारी कॉलेज सुटल्यावर सोमवारपर्यंत कोणाशी एक शब्द बोलणं नाही असं कितीतरी वेळा झालं. ऑगस्टमध्ये ताप आला, दोन दिवस पडून होतो, उठून पाणीसुद्धा भरवेना. तिसऱ्या दिवशी डबा देणाऱ्या मावशींना आदल्या दिवशीचा डबा दाराशी तसाच दिसला म्हणून त्यांनी दार ठोठावलं. डेंग्यू निघाला. तेव्हापासून माझं ठाम मत आहे की शांत मुलाने एकटं राहूच नये, कारण तो हाक मारत नाही.

तिसऱ्या वर्षी परत त्याच वसतिगृहात गेलो. या वेळी रेक्टरना म्हटलं, खोली कुठलीही द्या, पार्टनर मी सांगतो. दोनजणांची खोली मिळाली, सोबत नांदेडचा एकजण, दुसऱ्या कॉलेजातला, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असा बोलका. पण पोलीस भरतीची तयारी करायचा, पहाटे फाइव्ह गार्डन्सला धावायला जायचा, म्हणून साडेदहाला आडवा. दिवसभर त्याची बडबड चालायची, मला काही फरक पडला नाही. केटी सुटली. दादा म्हणतो हॉस्टेलने तुला माणसांत आणलं. मी होतो तसाच होतो, खोलीतली लाइट वेळेवर बंद व्हायला लागली होती.

तर तू खोली बघायला रात्री साडेदहानंतर जा, निदान गेटवर तरी उभा राहा आणि किती खोल्यांत उजेड आहे ते बघ. अभ्यासिका वेगळी आणि रात्रभर उघडी असेल तर चौघांतही बिनधास्त राहा, जागणारे तिकडे जाऊन बसतात. ट्रेनच्या आवाजाला घाबरू नकोस, आठवड्यात सवय होते, उजेडाची होत नाही. पाणी किती वाजता येतं ते विचार. किंग्ज सर्कल, गांधी मार्केट, हिंदमाता या बाजूला तळमजला घेऊ नकोस, जोराच्या पावसात तिथे पाणी भरतंच.

हे सगळं मी सकाळी लवकर उठणारा म्हणून लिहिलंय. तू रात्री जागणारा असशील तर तुला आर्किटेक्चरवालाच पार्टनर बरा. मुली वाचत असतील तर त्यांनी सगळ्यात आधी गेटची वेळ विचारावी, प्रॅक्टिकल लांबलं की रोज धावपळ होते. पैशांचं म्हणशील तर एकट्याच्या खोलीला डिपॉझिट आणि ब्रोकरेज धरून बजेट बघ. अनुसूचित जातीतला किंवा नवबौद्ध असशील आणि सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर स्वाधार योजनेचा फॉर्म भर, मुंबईसाठी वर्षाला 60,000 रुपये मिळतात. रॅगिंग झालं तर गप्प बसू नकोस, यूजीसीची हेल्पलाइन 1800-180-5522 चोवीस तास चालू असते.

आणि घरचे अ‍ॅडजस्ट कर म्हणाले तर त्यांना एकदा रात्री त्या खोलीत बसव. माझ्या दादाने माझी खोली बघितली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते.