ग्रेस केलीवरचा १९८३ चा टीव्ही सिनेमा: किती खरा आणि कसा बघावा

तुम्ही विचारलंत की शेरिल लॅडने ग्रेस केलीचं काम केलेला टीव्ही सिनेमा बघण्यासारखा आहे का आणि त्यात खरं किती. ग्रेस म्हणजे हॉलीवूडची ती नटी, जिने मोनॅकोच्या प्रिन्स रेनिएशी लग्न केलं. सिनेमा बघाच, पण तो कधी आणि कसा झाला ते आधी लक्षात घ्या. अमेरिकेत एबीसी चॅनेलवर तो फेब्रुवारी १९८३ मध्ये लागला, म्हणजे ग्रेस गेल्यावर जेमतेम पाच महिन्यांनी (१३ सप्टेंबर १९८२ ला गाडी घाटातून खाली गेली, दुसऱ्या दिवशी ती गेली, वय फक्त ५२). पण जुळवाजुळव तिच्या हयातीतच सुरू झाली होती आणि तिने स्वतः सहकार्य केलं होतं, त्यामुळे इथे दिसते ती तिला स्वतःला चालली असती अशी ग्रेस. सगळा भर १९५६ च्या लग्नापर्यंतच्या दिवसांवर आहे. पुढची २६ वर्षं, तीन मुलं, १९६२ मध्ये दिग्दर्शक हिचकॉकने 'मार्नी' सिनेमासाठी बोलावल्यावर आधी हो म्हणून मग माघार घ्यावी लागली ते, यातलं काही शोधत असाल तर इथे हाताला फारसं लागणार नाही.

मला विचाराल तर खरा जीव बापलेकीत आहे. लॉइड ब्रिजेसने तिचा बाप जॅक केली केलाय. हा माणूस फिलाडेल्फियाचा, विटांच्या धंद्यात पैसा केलेला, वल्हवण्यात तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवलेला, पण १९२० ला इंग्लंडमध्ये हेन्लीच्या शर्यतीत त्याला उतरूच दिलं नाही, ती सल त्याच्या मनात इतकी बसली की मुलाला तयार करून १९४७ ला तीच शर्यत जिंकून दाखवली तेव्हा कुठे तो शांत झाला. आता अशा घरात सतत आजारी पडणारी, बाहुल्यांशी खेळत बसणारी मधली पोर काय मोजणार! १९५५ मध्ये तिला 'द कंट्री गर्ल'साठी ऑस्कर मिळालं तरी बापाचं म्हणणं हेच की नाव काढेल तर थोरली पेगी काढेल असं वाटलं होतं, आणि हे त्याने चारचौघांत बोलून दाखवलं. हे माहीत असलं ना की ब्रिजेस पडद्यावर आला की मी त्याच्याकडे बघतच नाही, मी तिचा चेहरा बघते.

शेरिल लॅड दिसायला शोभते, 'चार्लीज एंजल्स' मालिकेतली म्हणून सोडून देऊ नका. आवाजात मात्र कमी पडते. ग्रेसचा आवाज मुळात नाकातला, न्यूयॉर्कच्या अमेरिकन अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट्समध्ये असताना तिने मेहनत करकरून तो खाली आणला, त्या आवाजात जी सावध शिस्त आहे ती शेरिलला सापडत नाही. रेनिएचं काम इयान मॅकशेनने केलंय, ते ठीक.

रेनिएशी पहिली भेट तुम्ही खरी कशी झाली ते जाणून मगच बघा. ६ मे १९५५, कान फेस्टिव्हलसाठी ती आलेली, 'पारी मॅच' या फ्रेंच साप्ताहिकाने फोटोसाठी भेट ठरवलेली आणि नेमका त्या दिवशी विजेचा संप. केस ओले, ड्रायर नाही, इस्त्री नाही. मग केस ओलेच मागे बांधून त्यात फुलं खोचली आणि ज्याला चुण्या पडल्या नव्हत्या असा एकच ड्रेस होता, मोठमोठ्या फुलांचा कडक टॅफेटा, फोटोत भडक दिसणारा, तो घालून निघाली. वाटेत गाडीला मागून धक्का, महालात पोचली तर राजेसाहेबांचाच पत्ता नाही. आले ते उशिराने, मग तिला आपलं प्राणिसंग्रहालय दाखवायला घेऊन गेले. ते फोटो आजही सापडतात, त्यात ती अवघडलेली स्पष्ट दिसते आणि मला तर कुठल्याही सिनेमापेक्षा तेच जास्त खरे वाटतात.

आणि लग्न! ड्रेस एमजीएम स्टुडिओच्या हेलन रोझने केलेला, स्टुडिओची भेट, बदल्यात शूटिंगचे हक्क स्टुडिओला, कॅथेड्रलमध्ये कॅमेरे आणि लाइट्स लावलेले. युरोपात लोकांनी ते टीव्हीवर बघितलं. म्हणजे मूळ सोहळाच कॅमेऱ्यासाठी मांडलेला होता, त्यामुळे टीव्ही सिनेमातलं लग्न खोटं वाटतं अशी जी तक्रार असते ती मला पटत नाही.

निकोल किडमनचा २०१४ चा सिनेमा वेगळा, तो १९६२ मधल्या मोनॅको आणि फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांच्यातल्या तणावावर आहे. मोनॅकोच्या राजघराण्याने त्याच्यावर उघड नाराजी दाखवली आणि अमेरिकेत तो थिएटरऐवजी लाइफटाइम चॅनेलवर लागला. दोन्ही बघायचे तर १९८३ चा आधी. (जाता जाता, आपल्या कवी ग्रेस यांचं नाव हिच्यावरून आलं असं बरेच जण सांगतात, तसं नाहीये, ते इन्ग्रिड बर्गमनच्या सिनेमावरून आहे.)

पण या दोन्हींच्या आधी तिचा स्वतःचा 'हाय सोसायटी' लावा, १९५६ चा, अकरापैकी शेवटचा. त्यात बोटात जी अंगठी आहे ती प्रॉपची नाही, रेनिएने दिलेली साखरपुड्याची आहे, काम करतानाही तिने तीच घातलीय. ती बघून मग शेरिल लॅडकडे या.