गळ, शिसे, स्विव्हल, ल्युअर असे मासेमारीचे बारीक सामान गंजू आणि गुंतू न देता कसे ठेवावे?

आपण लिहिले आहे की रॉड-रीलने गरवण्याचा छंद लागल्यापासून गळ, स्विव्हल (दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी), शिशाच्या गोळ्या आणि ल्युअर (कृत्रिम आमिष) हे सारे एका मोठ्या डब्यात जमा होत गेले, आता त्यातले बरेचसे गंजले आहे, उरलेले एकमेकांत अडकून बसले आहे, आणि नवा कप्प्यांचा डबा घ्यायचा तर कोणता घ्यावा हे ठरत नाही. मी रत्नागिरीत राहतो आणि भाट्याच्या खाडीत व मिऱ्याच्या बाजूला गरवतो. त्यामुळे पुढचे सगळे कोकणातली खारी आणि दमट हवा धरून लिहिले आहे. आपण धरणावर किंवा नदीवर गरवत असाल, तर गंजाविषयीचा भाग थोडा सैल केला तरी चालेल.

डबा कोणता हा प्रश्न मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवीन. समुद्रावर जाऊन आलेली वस्तू आणि दुकानातून आणलेली कोरी वस्तू एकाच डब्यात राहू द्यायची नाही, ही माझ्या मते या साऱ्या व्यवस्थेतली मुख्य गोष्ट आहे. ती पाळली तर साधा डबाही पुरतो आणि ती पाळली नाही तर परदेशी बनावटीचा, रबरी कडेचा, महागडा डबाही सामान वाचवू शकत नाही.

याचे कारण समुद्राच्या मिठात आहे. स्वयंपाकातले शुद्ध मीठ, म्हणजे सोडियम क्लोराईड, हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतून पाणी ओढून विरघळू लागते. समुद्राच्या मिठात मात्र मॅग्नेशियम क्लोराईडही असते आणि ते सुमारे ३३ टक्के आर्द्रतेलाच पाणी ओढू लागते. आपल्या किनाऱ्यावर हवा इतकी कोरडी क्वचितच असते. म्हणून खाऱ्या पाण्याचा नुसता शिंतोडा उडालेला गळ वाऱ्यावर वाळल्यासारखा दिसला, तरी त्याच्या अंगावर खाऱ्या ओलाव्याचा पातळ थर कायम राहतो आणि गंज त्या थराखाली चढत जातो. असा एक गळ बंद डब्यात ठेवला की त्याचा ओलावा आणि मीठ शेजारच्या कोऱ्या गळांनाही लागते. त्याच कप्प्यात पितळेचे स्विव्हल असतील तर नुकसान आणखी लवकर होते, कारण खाऱ्या ओलाव्यात पितळ आणि पोलाद एकमेकांना टेकले की पोलाद अधिक वेगाने झिजते. एवढ्यासाठी तरी गळ आणि स्विव्हल नेहमी वेगळ्या कप्प्यांत असावेत.

म्हणून मी सामानाच्या तीन जागा ठरवल्या आहेत: घरचा साठा, सोबत न्यायचा डबा आणि परतीची बरणी. यांतली परतीची बरणी बहुतेक जण ठेवत नाहीत आणि सारा घोळ तिथूनच सुरू होतो. ती रुंद तोंडाची आणि प्लॅस्टिकची असावी, कारण काचेची बरणी खडकावर फुटते. किनाऱ्यावर जे काही एकदा दोरीला बांधले गेले, पाण्यात पडले किंवा ओल्या हातांनी हाताळले गेले, ते परत कप्प्यात न ठेवता थेट या बरणीत टाकावे. गळ बदलताना मासा लागण्याची घाई असते, हात खारट आणि आमिषाने माखलेले असतात, आणि नेमक्या त्या क्षणी ओला गळ कोऱ्या गळांत जाऊन पडतो. बरणी उघडी आणि हाताशी असली की हे आपोआप टळते.

घरी आल्यावर त्याच बरणीत गोडे पाणी भरून सामान दहा-पंधरा मिनिटे बुडवून ठेवावे, पाणी बदलून पुन्हा एकदा खळबळावे आणि गाळणीतून काढून जुन्या सुती कापडावर पसरावे. किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते. तसे असेल तर या कामासाठी पिण्याचे पाणी वापरावे. रात्रभर पंख्याखाली ठेवलेले गळ सकाळपर्यंत वाळतात. स्विव्हलच्या पोटात आणि स्प्लिट रिंगच्या (ल्युअरला गळ जोडणाऱ्या, किल्ल्यांच्या कडीसारख्या कडीच्या) दोन वेढ्यांमध्ये मात्र पाणी अडून राहते, म्हणून ते झटकून आणखी एक दिवस तसेच पसरलेले ठेवावेत. ल्युअर धुताना त्याच्या मागच्या गळाकडे आणि कडीकडे विशेष लक्ष द्यावे. सगळे वाळल्यावर प्रत्येक गळाचे टोक अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवून पाहावे. ते नखात रुतले तर गळ पुन्हा वापरता येतो आणि नखावरून घसरले तर त्याला धार लावावी किंवा तो काढून टाकावा.

घरच्या साठ्यात गळ त्यांच्या मूळ पाकिटांतच राहू द्यावेत, असे माझे ठाम मत आहे. सुटे गळ कप्प्यांत ओतले की डबा देखणा दिसतो, परंतु माप आणि बनावट यांची माहिती पाकिटाबरोबर निघून जाते. गळाच्या मापांची रीत नवख्याला गोंधळात टाकणारी आहे. १, २, ४, ६, ८ असे आकडे वाढत जातात तसा गळ लहान होत जातो, तर १/०, २/०, ३/० असे लिहिलेल्या मापांत आकडा वाढतो तसा गळ मोठा होतो. शिवाय सर्व कंपन्यांना बांधणारे एकच प्रमाण नसल्यामुळे मुस्तादचा २/० आणि गामाकात्सूचा २/० शेजारी ठेवल्यास ते सारखे निघतीलच असे नाही. म्हणून पाकिटे माप आणि प्रकार यांनुसार लावून घट्ट झाकणाच्या डब्यात उभी ठेवावीत, म्हणजे वरची ओळ चाळून हवे ते काढता येते. सोबत सिलिका जेलची पुडी ठेवावी. रंग बदलणारे जेल घेतले तर ते ओलाव्याने भरले हे दिसते, आणि ओव्हनमध्ये सुमारे १२० अंश सेल्सिअसला काही तास तापवले की ते पुन्हा कामाला येते. निळ्यापासून गुलाबी होणाऱ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराईड हे विषारी रसायन असते. त्यामुळे ते अन्नाच्या ओव्हनमध्ये तापवू नये. त्यापेक्षा नारिंगी जेल घेणे बरे. सिलिका जेल हवेतला ओलावा घेते, गळावरचे मीठ घेत नाही. न धुतलेल्या सामानाला त्याचा आधार नाही. डबा पावसाळ्यात भिंतीला टेकवून किंवा जमिनीवर ठेवू नये, कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवावा.

आता सोबत न्यायच्या डब्याकडे वळतो. तो वस्तूंच्या जातीनुसार न लावता माशानुसार लावावा. एका डब्यात सगळे गळ, दुसऱ्यात सगळी शिसे आणि तिसऱ्यात सगळे स्विव्हल अशी मांडणी घरात सोयीची वाटते, पण किनाऱ्यावर एक जोडणी (दोरीला एकत्र बांधलेले गळ, शिसे आणि स्विव्हल) बांधायला तीन डबे उघडावे लागतात आणि तीनही ओले होतात. मुडदुशांसाठी जाणार असाल तर ८ ते १० क्रमांकाचे बारीक गळ, हलकी शिसे, छोटे स्विव्हल आणि बारीक तंगूस (नायलॉनची दोरी) एवढेच एका चपट्या डब्यात असावे. जिताडा किंवा तांबोशीसाठी ३/० ते ५/० चे जाड गळ, मजबूत स्विव्हल आणि जाड लीडर (गळाजवळचा मजबूत दोरीचा तुकडा) यांचा डबा वेगळा. निघताना ज्या माशाच्या मागे जायचे त्याचा डबा उचलावा आणि बाकीचे घरी कोरडे राहू द्यावे. एका फेरीला लागणाऱ्या गळांच्या दुप्पट गळ त्यात असले तरी खूप झाले; पूर्ण साठा सोबत नेणे म्हणजे पूर्ण साठा खाऱ्या वाऱ्यात उघडणे होय.

असा डबा निवडताना कप्पे किती आहेत यापेक्षा कप्प्यांच्या भिंती झाकणाला पूर्ण टेकतात की नाही हे पाहावे. दुकानातच एका कप्प्यात आपला सर्वांत बारीक गळ किंवा स्विव्हल ठेवून, झाकण लावून, डबा उलटा करून हलवावा. वस्तू शेजारच्या कप्प्यात गेली तर तो डबा घेऊ नये. सरकत्या भिंतींच्या डब्यांत भिंतीच्या तळाशी फट राहते, तीही पाहावी. प्लानोचा ३६०० या मापाचा डबा, साधारण ११ इंच लांब आणि ७ इंच रुंद, पाठीवरच्या पिशवीत नीट बसतो आणि जपानी मेइहोच्या डब्यांची झाकणेही चांगली बसतात. परंतु मुंबईत नागदेवी स्ट्रीटसारख्या हार्डवेअरच्या बाजारात नट-बोल्टसाठी किंवा मण्यांसाठी मिळणारे कप्प्यांचे डबे वरच्या कसोटीला उतरले तर त्यांनीही काम भागते. औषधांच्या दुकानात मिळणारा सात दिवसांच्या गोळ्यांचा डबा बारीक स्विव्हल, मणी आणि क्रिंपसाठी (दोरी किंवा तार दाबून जोडायच्या धातूच्या नळ्यांसाठी) फार उपयोगी आहे, कारण त्याचा एकच कप्पा उघडतो आणि बाकीचे बंद राहतात. घरातला जुना मिसळणाचा डबा या कामी घेण्याचा मोह अनेकांना होतो. त्यातल्या वाट्यांना स्वतंत्र झाकणे नसल्यामुळे डबा आडवा होताच सगळे एकत्र होते, म्हणून मी त्याची शिफारस करत नाही. रबरी कडेचा जलरोधक डबा होडीत बसणाऱ्याने जरूर घ्यावा, मात्र आत ओली वस्तू गेली तर तो ओलावाही तितक्याच चोखपणे आत कोंडतो हे लक्षात असू द्यावे.

मऊ प्लॅस्टिकच्या ल्युअरचा विषय वेगळा आहे आणि त्यात पैसे फुकट जाण्याची शक्यता सर्वांत जास्त. ती बहुधा पीव्हीसीत मऊपणा आणणारे द्रव्य मिसळून बनवलेली असतात. हे द्रव्य हळूहळू बाहेर झिरपते आणि पॉलिस्टायरीनच्या कडक, काचेसारख्या पारदर्शक डब्याला विरघळवते, त्यामुळे काही महिन्यांत डब्याचा तळ चिकट होतो. पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिथिलीनचे, किंचित दुधी दिसणारे आणि वाकणारे डबे यात टिकतात. गडद आणि फिकट ल्युअर एकत्र ठेवले तर एकाचा रंग दुसऱ्यात उतरतो आणि तो धुऊन जात नाही. झेड-मॅन कंपनीची इलाझटेक या पदार्थाची ल्युअर तर इतर मऊ ल्युअरच्या संपर्कात आली की वितळून गोळा होतात. कंपनीही ती वेगळी ठेवण्यास सांगते. सोपा उपाय असा की प्रत्येक मऊ ल्युअर त्याच्या मूळ पिशवीतच सपाट ठेवावे आणि पिशव्या उन्हात उभ्या असलेल्या गाडीत सोडू नयेत.

कडक ल्युअरवरचे तीन तोंडांचे ट्रेबल गळ हे गुंत्याचे मुख्य कारण असते. एका कप्प्यात एकच ल्युअर ठेवणे उत्तम. ते शक्य नसेल तर ट्रेबलवर प्लॅस्टिकचे टोपण चढवावे किंवा जाड स्ट्रॉचा तुकडा उभा चिरून तीनही टोकांवरून बसवावा.

आधी बांधून ठेवलेल्या जोडण्या डब्यात सुट्या कधीच टाकू नयेत. फोमच्या नळीवर किंवा रुंद पुठ्ठ्यावर त्या गुंडाळून गळ फोममध्ये टोचून ठेवावा आणि तंगुसाचे दुसरे टोक टाचणीने अडकवावे. फार बारीक गुंडाळीवर तंगुसाला वळ पडतात, म्हणून नळी जाड घ्यावी. सुरमईसाठीच्या तारेच्या जोडण्या मोठ्या वेढ्यात, प्रत्येकी वेगळ्या पिशवीत ठेवाव्यात, कारण तारेला एकदा मोड आला की ती त्याच ठिकाणी तुटते. तंगूस उन्हाने कमकुवत होतो, त्यामुळे त्याची रिळे अंधारात असावीत.

शिशाबद्दल दोन गोष्टी मनापासून सांगतो. शिसे विषारी आहे. चिरलेल्या गोळ्या दातांनी दाबून दोरीवर बसवण्याची सवय आपल्याकडे अनेकांना आहे. ती पूर्ण सोडावी, त्यासाठी पक्कड डब्यातच ठेवावी आणि शिसे हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये. ब्रिटनमध्ये लहान शिशाच्या वजनांमुळे हंस मरू लागल्याने १९८७ पासून अशा वजनांच्या विक्रीवर बंदी आहे. दुसरे असे की शिसे लाकडाच्या बंद पेटीत ठेवू नये, कारण लाकडातून निघणाऱ्या ॲसिटिक आम्लाच्या वाफांनी त्यावर पांढरी भुकटी धरते. ती भुकटी हाताला लागून किंवा श्वासाबरोबर शरीरात जाण्याची भीती असते, विशेषतः घरात लहान मुले असतील तर. जाड प्लॅस्टिकचा, घट्ट झाकणाचा छोटा डबा शिशासाठी योग्य आहे. वजनामुळे तो पिशवीच्या तळाशी ठेवावा आणि त्यावर ल्युअर ठेवावीत.

पक्कड आणि कात्रीच्या सांध्यात शिलाई मशीनचे तेल एक-दोन थेंब घालावे. खोबरेल घालू नये, कारण ते थंडीत गोठते आणि कालांतराने चिकट होते. गळांना मात्र कोणतेही तेल लावू नये. त्याचा वास आमिषाला लागतो.

आपल्याजवळ आज जो ढीग आहे, तो एका पसरट थाळीत ओतावा आणि चिमट्याने मोकळा करावा. बोटांनी ओढू नये. ज्या गळाच्या नेढ्यापाशी किंवा टोकाशी गंज आहे तो ठेवू नये, कारण नेढ्यावरचा खरखरीत गंज गाठ कापतो आणि मोठा मासा नेमका तिथेच सुटतो. बाकी अंगावर हलका डाग असेल तर गळ वापरता येईल, पण तो कोऱ्या पाकिटात न ठेवता परतीच्या बरणीतल्या सामानाबरोबर ठेवावा. टाकायचे गळ जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून, बूच घट्ट लावून आणि वर "आत गळ आहेत" असे मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून सुक्या कचऱ्यात द्यावेत, कारण तो कचरा पुढे कोणीतरी हाताने निवडणार असतो. जुना तंगूस बोटभर लांबीचे तुकडे करूनच टाकावा, म्हणजे त्यात पक्ष्यांचे पाय अडकणार नाहीत.