आजी वारली, तिच्यासाठी म्हणून मूळ गावी जायचंय पण तिथे ओळखीचं कोणीच नाही, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की वर्षश्राद्धाच्या आधी गावी जाऊन आजीसाठी काहीतरी करायचंय, पण जन्म पुण्यात गेल्यामुळे गाव नीट पाहिलेलंच नाही. माझं स्पष्ट मत सांगते, आजोबांच्या गावाआधी आजीच्या माहेरी जा. आपण मूळ गाव म्हणतो ते आजोबांचं, कुलदैवत त्यांच्याकडचं, श्राद्धात आजीचं नाव घेतात ते पण सासरच्या गोत्राने, आणि ती जिथे लहानाची मोठी झाली तिकडे तिच्यासाठी म्हणून कोणी फिरकतच नाही.

माझ्या आजीचं माहेर इंदापूर तालुक्यात, भीमेच्या काठी. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं, जुनं गाव पाण्यात गेलं आणि माणसं वरच्या अंगाला नव्या गावठाणात आली. आम्ही मुद्दाम मे महिन्यात गेलो कारण धरण भरलं की नुसतं पाणीच दिसतं, उन्हाळ्यात पातळी उतरली की जुनी गावठाणं उघडी पडतात (पळसदेवचं पळसनाथाचं जुनं देऊळ असंच पाणी फार आटलं की दिसतं). पुण्याहून भिगवण शंभरेक किलोमीटर, तिथून पुढे थोडंच.

नव्या गावातल्या एक म्हाताऱ्या आज्जी आमच्याबरोबर खाली आल्या. भेगाळलेला गाळ, त्यात घरांच्या जोत्यांचे दगड ओळीने, आणि एका जोत्यात जमिनीत पुरलेलं दगडी उखळ, आत वाळलेला गाळ आणि शिंपले. त्या म्हणाल्या, "ह्यो तुज्या आजीचा सोपा, हितनं उडी मारली की नदी." मग कळलं की आजी पट्टीची पोहणारी होती, पलीकडे नदीच्या वाळूत कलिंगडाच्या वाड्या असायच्या तिथपर्यंत पोहत जायची. आम्ही तिला पुण्यात कायम स्वयंपाकघरातच पाहिलेली, घरात कोणालाच हे माहीत नव्हतं, अगदी माझ्या बाबांना पण नाही. मला तिथेच रडू आलं.

ओळखीचं कोणी नसेल तर कागद बघा. लग्नात नाव बदललेलं असतं म्हणून माहेरचं नाव आणि तिच्या वडिलांचं नाव आधी घरातल्या मोठ्यांना विचारून घ्या. जन्माची नोंद तहसीलमधल्या जुन्या कोतवाल बुकात म्हणजे गाव नमुना १४ मध्ये सापडू शकते, आणि तिचे वडील गेल्यावर वारस म्हणून मुलींची नावं फेरफारात, म्हणजे जमिनीचा हक्क बदलल्याच्या नोंदीत, लागलेली असू शकतात, नंतर हक्कसोड करून (मुलींनी आपला वाटा सोडून) कमी केली तरी तो फेरफार राहतो, त्यावरून भावकी कळते. फार जुनं असेल तर मोडी लिपीत असेल, वाचून देणारे जाणकार पुण्यात मिळतात. पण गेल्यावर पहिल्यांदाच सांगून टाका की जमिनीसाठी आलेलो नाही, नाहीतर समोरचे मोकळं बोलत नाहीत.

काय करायचं ते तिथे जाऊनच ठरवा. आम्ही तिथल्या शाळेला पुस्तकं दिली, आतल्या पानावर आजीचं माहेरचं पूर्ण नाव लिहून.

आणि तुमचं पण धरणातलं गाव असेल तर लाइफ जॅकेट असल्याशिवाय बोटीत बसू नका, मे २०२४ मध्ये उजनीत कळाशी-कुगावच्या मध्ये बोट उलटून सहा जण गेले. इंदापूर, करमाळ्याकडचं गाव असेल तर कमेंटमध्ये लिहा, मला माहीत असेल तेवढं सांगते.