'रिंगा रिंगा रोझेस' हे गाणं खरंच प्लेगवर आहे का?

गुलाब म्हणजे प्लेगचे गुलाबी चट्टे, मग शिंका, आणि शेवटी मुलं पडतात ते मरण, असं सांगितलं जातं. पण नाही, तसा एकही जुना पुरावा नाही. लंडनमध्ये प्लेगने थैमान घातलं ते १६६५ साली. हे गाणं इंग्लंडमध्ये छापून आलं १८८१ साली, केट ग्रीनअवेच्या बालगीतांच्या पुस्तकात. सॅम्युअल पेपीसने त्या साथीच्या दिवसांत रोजनिशी लिहिली, तीतही या गाण्याचा मागमूस नाही. प्लेगचा अर्थ सर्वदूर पसरला तो थेट दुसऱ्या महायुद्धानंतर. लक्षणंही जुळत नाहीत: त्या प्लेगची खूण म्हणजे काखेत आणि जांघेत येणाऱ्या गाठी, गुलाबी चट्टे आणि शिंका नव्हेत. शिवाय आपल्याकडे मुलं 'हुशा बुशा' म्हणतात, त्या जागी शिंकेचा आवाज असलेली ओळ कित्येक जुन्या पाठांत नाहीच. काही पाठांत तर शेवटी मुलं पडत नाहीत, गुडघे वाकवून अभिवादन करतात. आयोना आणि पीटर ओपी या दांपत्याने इंग्रजी बालगीतांचे असे पाठ आयुष्यभर गोळा केले, आणि प्लेगची कथा त्यांनाही पटली नव्हती. मला तरी हा फेर धरून खेळायचा साधा खेळच वाटतो. जर्मनीतही असेच खेळ आहेत.

एक मात्र लक्षात घ्या, १८८१ हे छपाईचं साल आहे. मुलांच्या तोंडी गाणं त्याआधीपासून होतं. आणि सगळ्याच बालगीतांचा उगम असा धूसर नसतो: मेरीच्या कोकराचं गाणं सारा जोसेफा हेल या अमेरिकन लेखिकेने १८३० साली प्रसिद्ध केलं.