अमेरिकेत ‘पगार म्हणजे उत्पन्न नव्हे’ असं सांगून आयकर टाळता येतो का?

नाही, अजिबात नाही. तिथल्या न्यायालयांनी हा दावा वारंवार फेटाळला आहे. रिटर्नमध्ये सगळीकडे शून्य लिहून पाठवलं, तर मूळ कर आणि व्याज चुकत नाहीच, वर अशा निराधार रिटर्नसाठी ५,००० डॉलरचा वेगळा दंड बसतो.

लोक जॉन चीक या वैमानिकाचा दाखला देतात, पण अर्धाच. त्याने १९८० पासून रिटर्न भरणं थांबवलं होतं. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली, कारण कायदा समजण्यात प्रामाणिक चूक झाली असेल तर तो ‘जाणूनबुजून’ केलेला गुन्हा ठरत नाही, मग ती समजूत कितीही चुकीची असो. मात्र ‘हा कायदाच घटनाबाह्य आहे’ हा बचाव चालणार नाही, असंही त्याच निकालात आहे. पुढे फेरखटला झाला आणि चीक पुन्हा दोषी ठरला! हे कोणी सांगत नाही, याचंच मला वाईट वाटतं.

तिथे नोकरी करणाऱ्या आपल्या मुलामुलींना कोणी पैसे घेऊन असा ‘उपाय’ विकत असेल, तर कृपया त्यांना थांबवा. आकारणी मान्य नसेल तर कर कमी भरल्याची औपचारिक नोटीस (‘नोटीस ऑफ डेफिशियन्सी’) पाठवल्याच्या तारखेपासून ९० दिवसांत कर न्यायालयात जाता येतं, तेही आधी कर न भरता.